नॉबवरचा हात

धातू कापायच्या, म्हणजे मिलिंगच्या शॉपमध्ये बत्तीस वर्षं काढलेल्या बाईला मावशी नाही म्हणायचं तर काय म्हणायचं? मालक तिला मावशी म्हणत. मालकांचे वडील हयात होते तेव्हा तेही मावशीच म्हणत, आणि ते तर तिच्याहून तीस वर्षांनी मोठे होते. तिचं खरं नाव हजेरीच्या वहीत होतं आणि तिथं ते सुखात होतं. बाहेर काढायची कुणाला कधी गरज पडली नाही.

उंची बेताची, आवाज खणखणीत, अंगात निळा कोट, चष्मा दोरीला बांधून गळ्यात. नवरा टपाल खात्यातून निवृत्त झालेला, देवमाणूस, तोंडातून शब्द निघेल तर शपथ. त्यामुळे घरातलं दोघांच्या वाट्याचं बोलणं एकटी मावशीच उरकायची. शॉपमध्ये तिच्याशी वाद घालायची वेळ आली, तर माणसं आधी पाणी पिऊन यायची. एवढं सगळं खपवून घेतलं जायचं, कारण बाई कामाला सोनं होती. वीस वर्षं कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मिलिंग मशीनवर उभी राहून तिने सगळे मिळून चार कटर तोडले होते. चारही कटरांच्या तारखा तिला पाठ होत्या. स्वतःच्या लग्नाची तारीख मात्र दर वर्षी नवऱ्याला विचारावी लागायची.

या शॉपमध्ये ती आली तेव्हा बावीस वर्षांची होती आणि तिच्या हातात झाडू होता. मशीनखाली पडणारा धातूचा कीस गोळा करायचा, पितळेचा एका पिंपात, पोलादाचा दुसऱ्या, बिडाचा तिसऱ्या, हे तिचं काम. दोनेक महिन्यांनी एकदा कीस भरता भरता ती तिथल्या जुन्या फोरमनला म्हणाली, "तिसऱ्या मशीनचा कटर बोथट झालाय." फोरमन हसला. मशीन थांबवून बघितलं तर खरंच कटरची धार गेलेली. "तुला कसं कळलं?" त्याने विचारलं. "कीस बघा की. कालपर्यंत त्याला वळण होतं, आज भुगा पडतोय." फोरमनने तिच्या हातातला झाडू काढून घेतला. पुढे वर्षभरात ती मशीनवर उभी राहिली.

त्या फोरमनने तिला शिकवलेली रीत अशी: कान मशीनवर, हात नॉबवर. मशीनच्या पॅनेलवर एक गोल नॉब असतो. कटरने धातूतून पुढे किती वेगाने सरकायचं, म्हणजे फीड किती, ते त्या नॉबने कमीजास्त करता येतं. प्रोग्राम लिहिणाऱ्याने काहीही लिहून ठेवलेलं असो, शेवटचा शब्द नॉबचा. कटर कोपऱ्यात शिरला की त्याच्यावर ताण येतो, आवाज चढतो. आवाज चढला की नॉब मागे घ्यायचा, कोपरा पार झाला की पुन्हा पुढे. मावशीच्या हाताला हे इतकं अंगवळणी पडलं होतं, की शेजारणीशी गप्पा मारतानाही समोरची आवाज चढवून बोलू लागली की मावशीचा उजवा हात हवेत हळूच डावीकडे वळायचा. ही अतिशयोक्ती नाही, शेजारणीनेच हे सगळ्यांना करून दाखवलं होतं.

तर अशा या मावशीच्या राज्यात तिचा जावई आला. तोही तिनेच आणला.

झालं असं की मालकांनी नवीन मशीन घेतलं. जुन्या मशीनचा कटर मिनिटाला तीन-चार हजार फेरे घेत असेल, तर याचा वीस हजार घ्यायचा. हे मशीन चालवायचं तर त्याच्या चालीचा प्रोग्राम लिहिणारा माणूस हवा होता. मावशीची मुलगी ज्या घरात दिली होती त्या घरचा मुलगा एका मोठ्या कारखान्यात नेमकं हेच काम करायचा. मावशी मालकांसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "माझा जावई आहे म्हणून नाही सांगत." जावई होता म्हणूनच सांगत होती. मुलगी दोन स्टॉपवर राहायला येईल, हा त्यातला खरा हिशेब.

जावई हुशार होता, यात शंका नाही. पण भिडस्त किती असावा माणसाने? सासरी जेवायला बसला की तिसऱ्यांदा वाढलेलं नको म्हणायचं धाडस व्हायचं नाही, मग घरी जाऊन ओव्याचं पाणी प्यायचा. मावशी त्याला रीतीप्रमाणे अहोजाहो करायची, तो तिला आई म्हणायचा. पहिल्या दिवशी तो शॉपमध्ये आला तेव्हा मावशीने स्वतःची खुर्ची त्याला दिली. आता जावयासमोर सासू उभी आणि जावई बसलेला, हे त्याला कसं चालेल? तोही उठून उभा राहिला. सकाळचा सबंध तास त्या खुर्चीवर कुणीच बसलं नाही, शेवटी माप तपासणारा येऊन बसला. या तपासनिसाला सगळे मायक्रॉन म्हणायचे, कारण त्याला जगातली कुठलीच वस्तू मापात आहे असं कधी वाटलं नव्हतं.

जावयाने आणलेली रीत मावशीच्या रीतीच्या अगदी उलटी होती. मावशीची रीत म्हणजे कटर धातूत खोल घुसवायचा आणि सावकाश चालवायचा. जावयाची रीत म्हणजे कागदाएवढा पातळ थर घ्यायचा, पण कटर पळवायचा. "आई, उष्णता किसाबरोबर बाहेर गेली पाहिजे," तो तिला म्हणाला. "कटर काय, पोलाद काय, कुणालाच तापायला सवड द्यायची नाही. आणि यात कुलंट नाही सोडायचं. नुसती हवा मारायची, म्हणजे कीस उडून जातो." मावशीने ऐकून घेतलं. कुलंटशिवाय, म्हणजे गार करणारं पाणी न सोडता पोलाद कापायचं, हे तिला बिनपाण्याने दाढी करण्यासारखं वाटलं. पण जावयाला तोंडावर तसं कसं म्हणणार? ती म्हणाली, "बरं हं, बघू या."

बघायची वेळ लगेच आली. औषधाच्या बाटल्यांची झाकणं बनवणारी एक कंपनी साचे करून घ्यायला माणूस शोधत होती. साच्याचं पोलाद आधीच भट्टीतून काढून कडक केलेलं, कानशीने घासलं तर कानसच झिजावी असं. जुन्या पद्धतीने साच्याची अशी एक प्लेट करायला अकरा दिवस लागायचे: मऊ असताना कापा, भट्टीत पाठवा, वाकली की सरळ करा, ठिणगीने धातू झिजवणाऱ्या मशीनवर चढवा, मग हाताने पॉलिश करत बसा. कंपनीच्या साहेबांनी मालकांना सांगितलं, शनिवारी सकाळी आठला मी येतो, कडक पोलादाची प्लेट माझ्यासमोर मशीनवर चढवा, तिच्यात झाकणाच्या आकाराचे चार कप्पे कोरा आणि दुपारी चारला माझ्या हातात द्या. दिलीत तर वर्षभराचं काम तुमचं.

मालकांनी सोमवारी सकाळी सगळ्यांना गोळा करून हे सांगितलं. मग जावयाकडे बघून म्हणाले, "एवढं मशीन घेतलं, ते चालवायला तुम्हाला आणलं. शनिवारी जमलं नाही तर मशीन परत जाईल, आणि मग या शॉपमध्ये प्रोग्रामरला काम उरणार नाही." मालक माणूस वाईट नव्हता. घाबरला की कडक बोलायचा, एवढंच.

सोमवारी मशीनवर उभं राहायला मावशीशिवाय दुसरं कोण? सरावासाठी तसल्याच पोलादाचा ठोकळा लावला. मशीनचं दार बंद झालं, कटर फिरू लागला आणि असा काही आवाज निघाला की मावशीने आयुष्यात ऐकला नव्हता. किटलीला वाफेची शिट्टी लागावी तसा, पण न थांबणारा. सरळ चालीत कटर सुरेख गेला. कप्प्याच्या पहिल्या कोपऱ्यात शिरला, मावशीचा हात नॉबवर होताच, तिने फीड चाळीस टक्क्यांवर आणलं. दुसरा कोपरा, तिसरा कोपरा. चौथ्यात टक् झालं आणि शिट्टी थांबली. कटरचं टोक कोपऱ्यात रुतून बसलेलं, उरलेला दांडा हवेत फिरतोय.

मावशीच्या नावावर पाचवा कटर. तिला वाईट वाटलं, पण फार नाही, कारण प्रोग्राम तिचा नव्हता.

जावयाने प्रोग्राम बदलला, थर आणखी पातळ केला. मंगळवारी पुन्हा टक्. त्याने प्रोग्रामची चाल आणखी सौम्य केली. बुधवारी तिसऱ्याच कोपऱ्यात टक्. मालक केबिनमधून बाहेर आले ते लाल होऊन. "तीन दिवस, तीन कटर! मावशींनी वीस वर्षांत चार तोडले, तुमच्या प्रोग्रामने तीन दिवसांत तीन. आता मावशींचा हात खराब झाला म्हणायचं का?" शॉपमधली माणसं हसली. मावशीनेही ओठ दाबले, खोटं कशाला सांगू? आपल्या हाताची अशी चारचौघांत तारीफ झालेली कुणाला आवडत नाही? जावई मान खाली घालून उभा राहिला. त्याने एकदा मावशीकडे बघितलं, तोंड उघडलं आणि परत मिटलं.

दुपारी मुलीचा फोन. "आई, हे तीन दिवस धड जेवले नाहीत. तू काही बोललीस का त्यांना?"

"मी? अगं, मी तर त्यांना अहो म्हणते."

"तेच तर," मुलगी म्हणाली आणि तिने फोन ठेवला. तेच तर म्हणजे काय, हे मावशीला कळलं नाही, पण ते दिवसभर तिच्या डोक्यात घोळत राहिलं.

त्या संध्याकाळी पाळी सुटायच्या आधी ती मशीन साफ करायला गेली. झाडायला आता दुसरी माणसं होती, पण स्वतःच्या मशीनचा कीस मावशी अजून स्वतःच काढायची. दार उघडून ब्रश फिरवला आणि तिचा हात थबकला. ठोकळ्याच्या सरळ कडेला पडलेला कीस बारीक, एकसारखा वळलेला, निळसर झाक असलेला, देखणा. कोपऱ्यात मात्र काळपट भुगा, चिमटीत धरला तर पावडरीसारखा. तो भुगा तिच्या ओळखीचा होता. बत्तीस वर्षांपूर्वी तिसऱ्या मशीनखाली तिने तोच बघितला होता. पण तेव्हा कटर बोथट होता. इथे तोच कटर सरळ रेषेत धारदार होता आणि कोपऱ्यात बोथट झाल्यासारखा वागत होता. असं कसं होईल? सरळ चालीत आणि कोपऱ्यात फरक तो काय? थर तेवढाच, फेरे तेवढेच. ती बराच वेळ ब्रश हातात धरून उभी राहिली. फरक एकच होता, आणि तो तिला कबूल करायचा नव्हता.

गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत सगळे डबे घेऊन गेले, तेव्हा मावशीने भंगारातून कडक पोलादाचा एक तुकडा आणला आणि मशीनवर चढवला. जावयाच्या प्रोग्राममधला एकच कोपरा तिने दोनदा चालवायचा ठरवला. पहिल्यांदा नेहमीसारखा, हात नॉबवर, कोपऱ्यात चाळीस टक्के. मशीन थांबवलं, दार उघडलं, कोपऱ्याला बोट लावलं आणि चटका बसून झटकन मागे घेतलं. मग तुकडा निवू दिला, फिरवून लावला, शेजारचा कोपरा घेतला आणि दोन्ही हात कोटाच्या खिशात घातले. कटर कोपऱ्याकडे निघाला. शिट्टी चढली. खिशातल्या खिशात तिच्या उजव्या हाताने कापड असं पिळलं की शिवण उसवली. पण तिने हात बाहेर काढला नाही. कटर कोपऱ्यात शिरला, छोट्या छोट्या गोल गिरक्या घेत त्याने कोपरा साफ केला आणि निघून गेला. मावशीने दार उघडलं, भीत भीत बोट लावलं. मग सबंध तळवा टेकवला. पोलाद थंड होतं.

ती मशीनला टेकून उभी राहिली. सगळं तिला एकदम स्वच्छ दिसलं. नॉब मागे घेतला की कटरचं सरकणं कमी होतं, फिरणं नाही. तो तर वीस हजारांनी फिरतच राहतो. आधीच थर कागदाएवढा, त्यात सरकणं कमी, मग कटरच्या दाताला चावायला काही मिळतच नाही. तो नुसता घासत बसतो. घासला की तापतो, तापला की तुटतो. जुन्या प्रोग्राममध्ये कटर कोपऱ्यावर सरळ जाऊन आदळायचा, तेव्हा तिचा हात त्याला वाचवायचा. या प्रोग्राममध्ये जावयाने कोपऱ्यासाठी गिरक्या आधीच लिहून ठेवल्या होत्या, ताण वाढूच द्यायचा नाही म्हणून. वीस वर्षं ज्या हाताने कटर वाचवले, त्याच हाताने तीन दिवसांत तीन मारले होते.

खरं सांगायचं तर तिला रडू आलं. कुणी बघत नव्हतं, म्हणून तिने ते येऊ दिलं. मग नाक पुसलं आणि जावयाला शोधायला निघाली.

तो आपल्या स्क्रीनसमोर बसून थर आणखी पातळ करत होता. डबा न उघडलेला.

"जावईबापू, एक विचारते, खरं सांगा. नॉब मी फिरवते म्हणून कटर तुटतात, हे तुम्हाला माहीत होतं?"

त्याने कीबोर्ड पुढे सरकवला, परत मागे घेतला.

"माहीत होतं की नाही?"

"सोमवारीच कळलं, आई. पहिल्याच कोपऱ्यात."

"मग तोंडात मूग गिळून बसला होतात?"

"तुम्हाला कसं सांगणार?" तो अगदी कळवळून म्हणाला. "तुम्ही आई. वर इथल्या सगळ्यांच्या गुरू. हात काढा असं मी तुम्हाला चारचौघांत म्हणणार? म्हणून मी प्रोग्रामच असा करत होतो, की तुम्ही नॉब फिरवलात तरी चालावं. पण तसा तो होत नाही."

म्हणजे बघा. या माणसाची नोकरी जायची वेळ आली, मालक चारचौघांत वाटेल ते बोलले, आणि हा सासूचा मान राखायचा म्हणून सगळं गिळत बसला होता. मावशीला त्याचा राग आला, त्याची दया आली आणि स्वतःची लाज वाटली, हे सगळं एकाच वेळी. त्या गडबडीत तिच्या तोंडून जे निघालं ते मुलीच्या लग्नाला झालेल्या पाच वर्षांत कधी निघालं नव्हतं.

"अरे वेड्या," ती म्हणाली, "माझा मान घरी ठेवायचा. मशीनसमोर कसला मान? ऊठ, चल माझ्याबरोबर."

तिने त्याला मनगटाला धरून थेट मालकांच्या केबिनसमोर नेलं. सुट्टी संपून माणसं परत येत होती. तिने मुद्दाम दार उघडंच ठेवलं. "मालक, तिन्ही कटर मी तोडले. प्रोग्राम बरोबर आहे. कोपऱ्यात नॉब मी मागे घेत होते, त्याने कटर घासून तापत होता. हवं तर या, दोन कोपरे करून दाखवते, हात लावून बघा."

मालक खुर्चीतून उठले. मायक्रॉन मध्येच म्हणाला, "मावशी, जावयाला वाचवायला बोलताय तुम्ही." यावर मावशीने त्याच्याकडे अशी नजर टाकली, की तो पुढचं वाक्य विसरला. सगळे मशीनपाशी गेले. तिने दोन कोपरे करून दाखवले. मालकांनी पहिल्या कोपऱ्याला बोट लावून हात झटकला, दुसऱ्याला लावून तसाच ठेवला. मायक्रॉननेही लावला. मग तो कितीतरी वेळ बोट पुसत राहिला.

"मग शनिवारी मशीनवर दुसरं कुणी उभं करू या का?" मालक जरा चाचरत म्हणाले. "ज्याला नॉबची सवय नाही असं."

हे मात्र मावशीच्या वर्मी लागलं. पण बोलणं रास्त होतं. ती जावयाकडे वळली. "प्रोग्राम तुमचा आहे. तुम्ही सांगा."

जावयाने प्रथमच मान वर केली. "आईच उभ्या राहतील," तो म्हणाला. "कटर पकडीत किती बाहेर ठेवायचा, ठोकळा हलतोय की नाही, कीस कसा पडतोय, हे त्यांच्याइतकं इथे कुणाला कळत नाही. फक्त..." तो अडखळला.

"फक्त हात," मावशीने वाक्य पूर्ण केलं.

शुक्रवार सबंध सरावात गेला. कान बंद करता येत नव्हते आणि कानाने ऐकलं की हात निघायचा. तिने हात खिशात घातले, पाठीमागे बांधले, एकदा तर त्यांच्यावर बसून बघितलं. तरी दोनदा हात नॉबपाशी पोचलाच. दोन्ही वेळा जावई शेजारून "आई... हात..." असं इतक्या हळू आवाजात म्हणाला, की तिला नंतर सांगितल्यावर कळलं.

"हे काय पुटपुटणं?" ती वैतागून म्हणाली. "कानाशी मशीन किंचाळतंय. जोरात ओरडायचं."

"बरं, आई," तो पुटपुटला.

शनिवारी बरोबर आठला साहेब आले. सोबत एक भिंग आणि एक फोल्डिंगचा स्टूल. मशीनच्या खिडकीसमोर स्टूल टाकून ते असे बसले, की चारपर्यंत हलणार नाहीत हे सगळ्यांना कळलं. मावशीने प्लेट चढवली, चारी बाजूंनी तपासली. कटर पकडीत जेमतेम गरजेपुरता बाहेर ठेवला, त्याची थरथर मोजली. तिथे तिने घाई केली नाही. बरीच मिनिटं गेली, मालक घड्याळ बघत राहिले. मग तिने बटण दाबलं आणि हात पाठीमागे घेतले. जावई शेजारीच उभा होता.

पहिला कप्पा झाला. दुसरा झाला. पातळ थरावर पातळ थर, कटर पळतोय, हवेचा झोत कीस उडवतोय, निळसर एकसारखा कीस. बारा वाजले, कुणी जेवायला गेलं नाही. कटर झिजला नव्हता तरी ठरल्याप्रमाणे बदलला, नवा चढवला. तिसरा कप्पा. मावशीच्या पाठीला घाम फुटला होता. आयुष्यभर तिने मशीन चालवून दमणं बघितलं होतं, न चालवता दमणं आज बघत होती.

चौथ्या कप्प्याचा शेवटचा कोपरा सगळ्यांत अरुंद. कटर त्यात शिरला आणि शिट्टी एकदम वर गेली, कालपासून कधी गेली नव्हती इतकी वर. साहेब स्टुलावरून पुढे झुकले. मालकांनी डोळे मिटले. आणि मावशीचा हात निघाला. तिने पाठवला नव्हता, तो आपला आपण निघाला. पाठीमागून सुटला, पुढे आला, बोटं नॉबवर टेकली.

"हात काढा!"

एवढा मोठा आवाज की लेथवरचा माणूस सुद्धा दचकून थांबला. जावई. गळ्याच्या शिरा फुगलेल्या, बोट रोखलेलं. सबंध शॉप त्याच्याकडे बघू लागलं. मावशीने चटका बसल्यासारखा हात काढला आणि उंच वर धरला, पोलिसासमोर धरावा तसा. शिट्टी तशीच चढलेली. एक गिरकी, दुसरी, तिसरी, चौथी. आणि मग शिट्टी खाली आली, कटर कोपऱ्यातून बाहेर आला आणि वर उचलला गेला. मशीन थांबलं. घड्याळात दोन वाजून पस्तीस मिनिटं झाली होती.

मावशीने प्लेट काढली, हवेने झटकली आणि साहेबांच्या हातात दिली. साहेबांनी भिंगातून चारही कप्पे बघितले, मग अंगठा फिरवला. "पॉलिश कधी केलं?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही समोर बसला होतात, साहेब," मावशी म्हणाली. "कुणी केलेलं दिसलं का?"

साहेब हसले. मायक्रॉनने प्लेट मापायला घेतली. चारही कप्पे मोजले, परत मोजले, आणि एखाद्याला दुःखाची बातमी द्यावी तसा म्हणाला, "चूक सापडत नाही." यावर जो गलका उठला तो रस्त्यापर्यंत ऐकू गेला असेल. लेथवाल्याने पाना वाजवला. मालक तर साहेबांचाच हात धरून हलवत राहिले. साहेबांनी तिथेच उभ्या उभ्या सांगितलं, वर्षभराचे साचे इथेच होतील. मग मावशीकडे वळून म्हणाले, "पण मशीनवर याच बाई हव्यात."

"मी असेन की," मावशी म्हणाली. "पण एक सांगते, साहेब. मी नसले तर तुमचं काम अडणार नाही, मी शिकवीन कुणाला तरी. हा नसला तर अडेल." आणि तिने जावयाला पुढे ढकललं. "कागदावर लिहिताना याचं नाव आधी लिहा." मालकांनी जावयाच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो काढायचं विसरूनच गेले. त्या दिवशी मावशीला झाला तो आनंद आयुष्यात दोन-तीनदाच होतो. चार कटरांवर वीस वर्षं मिरवलं, त्यात हा नव्हता.

गर्दी पांगल्यावर ती बेसिनपाशी हात धुवायला गेली. साबण दोनदा निसटला. जावई मागे येऊन उभा राहिला. त्याचा चेहरा आता पुन्हा नेहमीसारखा झाला होता.

"आई, माफ करा. सगळ्यांसमोर ओरडलो तुमच्यावर."

मावशीने नळ बंद केला. "बत्तीस वर्षं झाली मला इथे. या बत्तीस वर्षांत माझ्यावर ओरडायची कुणाची छाती झाली नाही. मला वाटायचं, मी चुकत नाही म्हणून." तिने कोटाला हात पुसले. "तू आज ओरडलास ते बरं केलंस. यापुढे सोमवारीच ओरडत जा, गुरुवारपर्यंत थांबू नकोस."

तो हसला. पण जायचं सोडून तिथेच घोटाळत राहिला.

"आणखी काय?" मावशीने विचारलं.

"सांगू का? दुसऱ्या कप्प्यातही तुमचा हात गेला होता."

"गेला होता. पण नॉबला लागला नव्हता."

"लागला होता, आई," जावई म्हणाला. आवाज हळू नव्हता, नेहमीचा, समोरच्याला नीट ऐकू जाईल असा. "एक खटका मागे आला होता. साहेबांचं लक्ष नव्हतं म्हणून मी तो हळूच पुढे केला."

मावशीने त्याच्याकडे बघितलं. शॉपमधल्या कुणीही दुसऱ्याने असं म्हटलं असतं तर त्याची धडगत नव्हती.

"लागला होता," ती म्हणाली आणि खदखदून हसली.